रंगीत तालीम

"असं करू," सासूबाई म्हणाल्या, "आधी चार दिवस रंगीत तालीम करू. तू खालच्या मजल्यावर ताईकडे राहायला जा. समज, तेच परदेश."

नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण कल्पना वाईट नव्हती.

मी कवळ्या बनवते. नऊ वर्षं झाली मेणात दात बसवतेय. परदेशातल्या एका दंतप्रयोगशाळेनं माझं काम पाहून नोकरीचं पत्र पाठवलं होतं. कामाचा व्हिसा, पुढच्याच महिन्यात रुजू. फक्त पहिली दोन वर्षं मुलीला नेता येणार नव्हतं. दुसरा रस्ता शिक्षणाच्या व्हिसाचा. तिथल्या कॉलेजात याच कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आवारातच पाळणाघर, आणि भिंगरी पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ. पण साठवलेलं सगळं फीमध्ये जाणार, आणि हातात मुरलेलं काम मी पुन्हा श्रीगणेशापासून शिकणार. नवरा दोन्हीकडे मागूनच येणार होता.

"येतंय तेच शिकायला जायचं?" तो म्हणाला. "माशाला पोहण्याची शिकवणी!"

मी बॅग भरली आणि एक जिना उतरून परदेशी गेले.

भिंगरी सव्वादोन वर्षांची. सकाळ-संध्याकाळ आजीच्या फोनच्या पडद्यावर आमची भेट. पहिल्या दिवशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी नुसती मुसमुसली. वर तिच्या धावण्याची धपधप ऐकू यायची आणि मी छताकडे बघत जेवायचे.

"वहिनी," नणंद म्हणाली, "परदेशात ताटात बघून जेवतात."

तिसऱ्या दिवशी भिंगरीनं "आई, टाटा" म्हणून स्वतःच फोन बंद केला.

"बघितलंस?" सासूबाईंनी लगेच परत फोन केला. "पोरं चिवट असतात गं. रडतो ते आपण."

म्हटलं, ठरलं. कामाचाच व्हिसा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले. भिंगरी दारातच उभी होती. मी खाली बसून हात पसरले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, गर्रकन वळली आणि आत पळाली. परत आली ती आजीचा फोन घेऊन. दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला. पडदा काळा होता.

"आई, यात ये."

सासूबाईंनी फोन तिच्या हातातून अलगद काढला आणि पाठीमागे लपवला, जसा काही त्यांनीच तो चोरला होता.

"जा बाई," त्या मला म्हणाल्या. "शीक परत पहिल्यापासून. आणि हिला ने."

दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या एजंटनं शिक्षणाचा अर्ज पुढे सरकवला. मी विचारलं, "नऊ वर्षांचा अनुभव कुठे लिहू?"

"या अर्जात तो रकानाच नाही, मॅडम. शेवटची परीक्षा कधी दिली, तेवढंच लिहा."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

मग शेजारच्या दुकानात भिंगरीचा व्हिसासाठीचा फोटो. फोटोग्राफर म्हणाला, "मूल एकटंच दिसलं पाहिजे. मागे फक्त पांढरं." ती उंच स्टुलावरून सारखी घसरत होती. मी स्टुलामागे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पाठीला तळहात लावला.

"मॅडम, हात दिसतोय."

मी हात थोडा खाली घेतला. काढला नाही.