मामलेदाराचा सलाम

सात नंबरच्या पिंजऱ्यातला मकाव पोपट रोज दुपारी साडेचारला सलाम ठोकतो, हे इरावतीच्या लक्षात आलं तेव्हा तिचा पहिला संशय स्वतःच्या घड्याळावर गेला. दुसऱ्या दिवशी ती दोन घड्याळं घेऊन बसली. चार वाजून एकोणतीस मिनिटांनी निळ्या-पिवळ्या पिसांच्या त्या पक्ष्याने उजवा पाय उचलला, कपाळापर्यंत नेला, तिथे मोजून दोन सेकंद ठेवला आणि खाली घेतला.

तिने तक्त्यात ‘क’ लिहिलं. क म्हणजे कसरत.

इरावती फणसवाडीतली, प्राणिशास्त्रात एमएस्सी करून सहा महिन्यांपूर्वी परळच्या वन्यप्राणी उद्यानात लागलेली. उद्यान एका बंद गिरणीच्या जमिनीवर उभं होतं. गिरणीची चिमणी मात्र अजून मधोमध होती, कारण ती पाडायची की जपायची यावर दोन खात्यांचं एकमत होत नव्हतं. फाटकावर मोठा फलक होता : ‘लवकरच येत आहेत सात नव्या प्रजाती’. खाली कॅपिबारा, मीरकॅट वगैरे मंडळींची रंगीत चित्रं.

“सातांतला एकच हजर आहे मॅडम,” पिंजऱ्यांची देखभाल करणारा रघु म्हणायचा. “बाकीचे सहा फलकावरच पोसतोय आपण.”

तो हजर असलेला एक म्हणजे हा मकाव. सर्कशींमधून वाघसिंह गेले, अस्वलं गेली, हत्ती गेले. मग या मकावच्या सर्कशीने पक्ष्यांचेही खेळ बंद केले आणि तो उद्यानाकडे आला. त्याला नव्या मोठ्या पक्षीविहारात सोडायचं होतं. तिथे माणसं जाळीच्या आत शिरून हिंडणार होती. पण उद्यानाचा स्वतःचा एक कडक नियम होता : सर्कशीतून आलेल्या प्राण्याची चौदा दिवस नोंद ठेवायची, शेवटच्या दिवशी समितीने पाहणी करायची, आणि त्यात कसरत आढळली तर प्राणी लोकांसमोर ठेवायचा नाही. मग त्याची रवानगी सहाशे किलोमीटरवरच्या बंद निवाऱ्यात. तिथे पिंजरा मोठा, हवा चांगली, पण बघायला येणारा कोणी नाही.

पहिले चार दिवस इरावतीने कारण शोधण्यात घालवले. चिमणीची सावली साडेचारला पिंजऱ्यावर पडते म्हणून तिने रघुकडून ताडपत्री लावून घेतली. सलाम झालाच. फळं तासभर उशिरा दिली. सलाम झाला. बाजूच्या शाळेची घंटा? रविवारी घंटा नसते. रविवारी तर दोन सलाम झाले.

“मॅडम, एक सांगू का,” रघु म्हणाला. “तुम्ही नुसत्या त्याच्याकडेच बघताय.”

“मग कोणाकडे बघू?”

“तो ज्याच्याकडे बघतो त्याच्याकडे बघा ना.”

एमएस्सीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पाचव्या दिवशी इरावती पिंजऱ्याकडे पाठ करून बसली. समोरच्या बाकावर पांढरा हाफशर्ट घातलेले, मांडीवर कापडी पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ होते. साडेचार वाजले. म्हाताऱ्यांचा उजवा हात कपाळाला गेला, दोन सेकंद थांबला आणि खाली आला.

ती तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “काका, तुम्ही त्याला इशारे करता?”

“मी कायएक करूक नाय गो बाय,” ते शांतपणे म्हणाले. “तेना सलाम केल्यान, तो मी घेतलंय. सलाम घेऊक नको?”

त्यांचं नाव गुणाजी. राहायला डिलाईल रोडला. वडील याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मुलाने गिरणीत चिकटावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं, तर मुलगा सतराव्या वर्षी सर्कशीबरोबर पळाला आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी पोपटांचा मास्तर होऊन परत आला. मकाव त्यांच्या हाताखाली वाढला होता. ज्येष्ठ नागरिकांना उद्यान मोफत, त्यामुळे पक्षी इथे आल्यापासून रोज साडेचारच्या सुमारास ते या बाकावर असत, एक दिवस चुकला नव्हता.

“नाव काय त्याचं?” इरावतीने विचारलं. तिच्या तक्त्यात तो ‘प-७’ होता.

“मामलेदार.”

“हे कसलं नाव?”

“आमच्या गावात मामलेदार इलो की सगळी उठान उभी रवत. ह्यो रिंगात इलो की तंबू उभो रवायचो.” त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. “नाव काय असाच ठेवलेला नाय.”

इरावतीने त्यांना नियम समजावून सांगितला. निवारा, सहाशे किलोमीटर, सगळं. गुणाजींनी पिशवीचे बंद ओढले.

“म्हणजे माझ्यामुळे जातलो तो?”

“ते मला अजून माहीत नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच मोजायचंय.”

तिने पुढचे दिवस वाटून घेतले. तीन दिवस गुणाजींनी यायचं नाही. तीन दिवस यायचं, पण हात मांड्यांखाली दाबून बसायचं. आणि तक्त्यात एका रकान्याऐवजी दोन केले : ‘पक्षी’ आणि ‘पाहणारा’.

गुणाजी नव्हते तेव्हा मामलेदाराने येईल त्याला सलाम केले. प्रभादेवीच्या देवळातून परस्पर इकडे आलेल्या एका कुटुंबातल्या आजींनी त्याला हात जोडले. कॉलेजच्या मुलांनी परत सलाम ठोकले. एका पोस्टमनने तर आजूबाजूला बघून, कोणी नाही अशी खात्री करून सलाम घेतला. ज्याने उत्तर दिलं त्याच्यानंतर मामलेदार अर्धा-पाऊण तास निवांत पिसं साफ करायचा. ज्याने नाही दिलं त्याच्या तो मागे लागायचा.

मग हात दाबून बसायचे दिवस आले. पहिल्या दिवशी मामलेदाराने सलाम केला आणि वाट पाहिली. गुणाजी ढिम्म. त्याने डावा पंख उघडला. गुणाजींनी ओठ आवळले. त्याने दांडीवर स्वतःभोवती एक गिरकी घेतली, मग उलटा लटकला आणि उलट्यानेच परत सलाम केला. गुणाजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“बाय, ह्या काय बरा नाय,” ते पुटपुटले. “डबलबारी बघितलंस कधी? भजनाची? समोरच्या बुवान गजर दिलो आणि आपण गप रवलो, म्हणजे हरलो. चाळीत तोंड दाखवूची सोय नाय.”

“अजून वीस मिनिटं, काका.”

“वीस मिनिटात ह्यो माझी अब्रू काढतलो.”

अकराव्या मिनिटाला ते उठले आणि बाकाशेजारी उभे राहून स्वतःभोवती एक पुरी गिरकी घेतली. मामलेदाराने मान तिरकी करून ती नीट बघितली आणि समाधानाने चोच घासली. इरावतीने पेन्सिल चावली. तिच्यासमोर नऊ दिवसांचे आकडे होते. इशारा करणारा एक होता, तो पाळणारे बदलत होते, आणि इशारा करणाऱ्याला पिसं होती.

“काका,” तिने विचारलं, “सर्कशीत हा सगळा खेळ त्याला शिकवला कोणी?”

“मी.”

“आणि आता?”

गुणाजींनी जरा विचार केला. “आता माका वाटता, तो माझी परीक्षा घेता.”

चौदाव्या दिवशी समिती येणार होती. उद्यानाच्या संचालक सुमेधा मॅडमनी सकाळीच इरावतीला बोलावलं. “मला कसरतीच्या रकान्यात शून्य हवंय. एकुलती एक प्रजाती आहे आपल्याकडे. ती गेली तर पक्षीविहाराचं उद्घाटन काय कबुतरांवर करू?”

“जे दिसेल ते लिहीन मॅडम.”

“हेच मला नको होतं ऐकायला.”

रघुने आपल्या परीने उपाय सुचवला. मामलेदाराला दुपारी केळ्यांनी असं चेपायचं की तो पाच वाजेपर्यंत डुलक्या घेईल. इरावतीने त्याच्या हातातली केळी काढून घेतली. तिने गुणाजींना निरोप पाठवला होता की आज येऊ नका. ते आले. काळा गॉगल, तोंडाला मास्क, डोक्यावर नातवाची क्रिकेटची टोपी.

“ओळखूचो नाय तो,” त्यांनी हळूच सांगितलं.

ते चिमणीपाशी होते तेव्हाच मामलेदाराने त्यांना ओळखलं आणि पिंजऱ्यातून पाय वर केला.

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले पशुवैद्य. चाळीस वर्षांची नोकरी, इस्त्रीचा सफारी, हातात फाईल. तो कडक नियम त्यांनीच लिहिला होता. “प्राण्याला खेळ करायला लावणं हा मला माणसाचा सगळ्यात हलकट छंद वाटतो,” त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. सुमेधा मॅडमनी जोरात मान हलवली.

चार तीसला मामलेदार कामाला लागला. गुणाजी मागच्या बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसले होते. सलाम. उत्तर नाही. पंख. उत्तर नाही. इरावतीची पेन्सिल ‘पक्षी’च्या रकान्यात खाली खाली सरकत होती आणि सुमेधा मॅडम तिच्या खांद्यावरून ते बघत होत्या. गुणाजींचा गॉगल आतून धुरकटला. पण ते हलले नाहीत. आज त्यांनी हरायचं ठरवलं होतं.

तेव्हा मामलेदाराने त्यांचा नाद सोडला. दांडीवरून सरकत सरकत तो जाळीच्या अगदी पुढे आला, अध्यक्षांच्या तोंडासमोर ताठ उभा राहिला आणि त्याने एक कडक सलाम ठोकला.

चाळीस वर्षं रोज सकाळी फाटकावर शिपायाचा सलाम घेतलेला हात होता तो. अध्यक्षांना काही ठरवावं लागलं नाही. हात आपला आपण वर गेला.

मामलेदाराचे डोळे चमकले. त्याने डावा पंख उघडला.

“पंखांची ठेवण बघायला हवी,” अध्यक्ष म्हणाले आणि ठेवण दाखवण्यासाठी त्यांनी आपला डावा हात बाजूला पसरला, फाईलसकट. समितीचे दोन सदस्य एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेऊ लागले.

मग मामलेदाराने गिरकी घेतली. सावकाश, पूर्ण, शेवटी मान झुकवून. आणि वाट पाहत राहिला. जाळीबाहेर आता पंधरा-वीस माणसं जमली होती. तीही वाट पाहत होती.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “ही चिमणी किती उंच असेल हो?” असं म्हणत ते चिमणीकडून फाटकाकडे, फाटकाकडून कॅन्टीनकडे आणि कॅन्टीनकडून परत पिंजऱ्याकडे वळले.

मामलेदाराने चोच घासली आणि पिसं साफ करायला घेतली. मागच्या बाकावरून, मास्कच्या आतून, दाबलेल्या हसण्याचा खुर्र असा आवाज आला.

ऑफिसात चहा आला तेव्हा अध्यक्षांनी नोंद मागितली. ते बराच वेळ वाचत होते.

“चार सदतीस,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “पाहणारा : समिती अध्यक्ष. सलाम एक. डावा हात पसरणे एक. गिरकी एक. हे काय आहे?”

“निरीक्षण आहे सर.”

“मी चिमणी बघत होतो.”

“तसं लिहिते सर. फक्त चिमणी तुमच्या समोरच होती.”

सुमेधा मॅडमनी कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली आणला नाही.

“आणि हा पक्षी?” अध्यक्षांचा आवाज चढला. “सलाम, पंख, गिरकी. ही कसरत नव्हे?”

इरावतीने नियमाचा कागद पुढे सरकवला. “सर, तुम्ही व्याख्या फार नेमकी केली आहे. कसरत म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावरून प्राण्याने केलेली कृती. दोन रकाने केल्यापासून एकशे बारा प्रसंग मोजले. प्रत्येक वेळी इशारा पक्ष्याने आधी केलाय. माणसाने नंतर. ओळीने बघा. त्याला खाऊ नको असतो, त्याला आपण केलेलं हवं असतं. आज सगळ्यात अनुभवी पाहणाऱ्यावरही तेच दिसलं. सुरुवातीला मीही ‘क’ लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, म्हणून खाली दुरुस्तीची सही केली आहे.”

“म्हणजे पक्ष्याच्या कसरती?”

“शून्य.”

“आणि माझ्या?”

“तीन सर. पण नियम प्राण्यांसाठी आहे.”

अध्यक्षांनी नियम पुन्हा वाचला. स्वतःच लिहिलेलं वाक्य, शब्द हलवायला जागा नाही. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. “माझं पद लिहायची गरज आहे का?”

इरावतीने विचार केला. खोडणं शक्य नव्हतं. “पाहणारा क्रमांक एकशे बारा असं करता येईल. बाकीच्यांचीही नावं नाहीत.”

“करा,” ते म्हणाले आणि सही केली. जाता जाता दारात थांबले. “तिथे एक पाटी लावा. लोकांना ताळ्यावर ठेवायला हवं.”

महिन्याभराने पक्षीविहार उघडला. दारातच पाटी होती : ‘पक्ष्यांच्या इशाऱ्यावरून कसरती करू नयेत. आदेशावरून.’ गुणाजींनी ती दोनदा वाचली. आज टोपी नव्हती, गॉगल नव्हता.

“ह्या माझ्यासाठी लावलास?”

“सगळ्यांसाठी आहे काका.”

“बरा,” म्हणत ते आत शिरले आणि मामलेदाराला इथे हलवल्यापासूनचं त्यांचं जे काही चार दिवसांचं साचलं होतं ते त्यांनी, सलामापासून गिरकीपर्यंत, पाटीला पाठ करून उरकलं. रघु दुसरीकडे बघत उभा राहिला.

इरावती तक्ता घेऊन मागून आली. मामलेदार फांदीवरून खाली सरकला, तिच्या समोर आला. चार वाजून एकोणतीस मिनिटं. चौदा दिवस ती त्याच्यासमोर बसली होती आणि तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. मोजणाऱ्याने मध्ये पडायचं नसतं. त्याने उजवा पाय कपाळाला लावला आणि तिच्याकडे बघत राहिला. एक सेकंद. दोन.

नोंदी संपल्या होत्या. इरावतीने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि उजव्या हातातली पेन्सिल डाव्या हातात घेतली.