गुलाबी कागदातली स्ट्रॉबेरी

आमच्या दुकानात एक सोय आहे. ती माझी कल्पना, म्हणून येईल त्याला मीच कौतुकाने सांगत असे. पत्ता माहीत नसला तरी भेट पोचते. तुम्ही फक्त फोन नंबर द्या. मी त्या माणसाला फोन करते, तुमच्यासाठी भेट आली आहे म्हणते आणि पत्ता विचारून घेते. पाठवणाऱ्याचं नाव काही केल्या सांगत नाही. लोक खुशीत पत्ता देतात. फळं आणि चॉकलेट म्हटल्यावर कोणाला कसली शंका येणार?

दुकानात मी आणि माझा दीर, एवढीच माणसं. मी अननसाच्या चकत्यांची साच्याने फुलं कापते, खरबुजाचे गोळे काढते, स्ट्रॉबेऱ्या चॉकलेटमध्ये बुडवते आणि सगळं काड्यांना टोचून टोपलीत रचते. भावजी गाडी चालवतात आणि बोलतात, त्यातलं बोलणं जास्त. गाडी गुलाबी आहे, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची स्ट्रॉबेरी रंगवलेली. भावजी येताहेत हे चार चौक आधी कळतं, असं मी त्यांना चिडवते.

त्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, बोलणं अगदी अदबीचं. सगळ्यात मोठी टोपली हवी म्हणाले.

"बायको रुसून गेली आहे," ते म्हणाले. "मुलीला घेऊन वेगळी राहते. चूक माझीच होती."

चूक कबूल करणारा नवरा मी पहिल्यांदाच बघत होते. मी लगेच विरघळले.

"पत्ता?"

"पत्ता तिने दिलेला नाही. नंबर तिच्या मैत्रिणीकडून मिळवला." मग जरा थांबून म्हणाले, "बदाम-बिदाम काही घालू नका. मुलीला चालत नाही, घसा सुजतो."

आमच्या घरातल्या बापाला लेक कितवीत आहे हे विचारून सांगावं लागतं. मी मनात त्या बाईला नशीबवान म्हणून टाकलं. खरंच म्हटलं, आता लाज वाटते.

कार्डावरचा मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. "तुमच्या दोघींची फार आठवण येते. आता लांब राहायचं नाही." माझं अक्षर गोल आहे, लोक वाखाणतात. खाली एक लाल बदामाचं चित्र मी आपल्या मनानेच काढलं.

पद्धतीप्रमाणे नमुना म्हणून त्यांना एक स्ट्रॉबेरी दिली, आमच्या छापाच्या गुलाबी कागदात गुंडाळून.

"नंतर खाईन," म्हणून त्यांनी ती तशीच हातात धरली. "गाडी किती वाजता निघते?"

"अकराला."

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. "हीच ना?"

"दुसरी कुठली असणार?" मी हसले. "टोपली पोचल्यावर फोटो पाठवते तुम्हाला."

"सावकाश पाठवा. घाई नाही."

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. एरवी टोपली दुकानातून हलायच्या आधीच फोटोसाठी पाच-पाच फोन येतात.

मी त्या बाईंना फोन लावला. उचलला, पण पलीकडून आवाज नाही. मीच बोलत सुटले, ताई, तुमच्यासाठी भेट आहे, फळांची टोपली, तेवढा पत्ता सांगा.

"कोणी पाठवली?"

"ते सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. उघडल्यावर कळेलच की."

"आमच्या दवाखान्यातून का? काल माझी नोकरी पक्की झाली."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसती हसले. मागून एक लहान मुलगी "काय आहे, काय आहे" करत होती. बाईंनी पत्ता सांगितला. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार, पाटी नाही. पाटी का नाही, हे मी विचारलं नाही.

अकराला गाडी गेली. मी दुसऱ्या ऑर्डरचं चॉकलेट वितळवायला घेतलं. भावजी दारातला फोटो काढून आधी मला पाठवतात. फीत नीट दिसते का ते बघून मी तो पुढे धाडते. पावणेबाराला फोटो आल्याचा आवाज झाला, पण माझे हात कोपरापर्यंत चॉकलेटने माखलेले. म्हटलं, त्यांना तरी कुठे घाई आहे.

पाच मिनिटांनी फोन वाजला. कसाबसा करंगळीने घेतला.

"हे कार्ड कोणी लिहिलं?" त्याच बाई होत्या. आवाज इतका बारीक की मला भांडं खाली ठेवावं लागलं.

"मी. का हो ताई?"

"अक्षर तुमचं असेल. शब्द त्याचे आहेत." त्यांना श्वास पुरत नव्हता. "दोन वर्षांत तीन घरं बदलली मी. पहिल्या घरी त्याने माझा हात मोडला. दुसऱ्या घरी मुलीला जिन्यावरून ओढत नेत होता, शेजारी धावले म्हणून वाचली. तुम्ही त्याला पत्ता दिलात का?"

"नाही," मी म्हटलं. "पत्ता त्यांना माहीत नाही. आम्ही देतही नाही."

"फोटो काढला तुमच्या माणसाने. दाराचा."

मी फोन तपासला. फोटो माझ्यापाशीच होता, न उघडलेला. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसलेच. "गेलेला नाही, ताई. जाणारही नाही. आत्ता पुसून टाकते."

"मी बहिणीकडे निघते. वाटेत पोलिसांना कळवते."

आणि इथे मी शहाणपणा केला. दुकानाची चूक दुकानानेच निस्तरावी, ही मला भारी हौस. "कशाला भर दुपारी लेकराला घेऊन धावपळ करता?" मी म्हटलं. "त्यांना काही कळलेलं नाही. घरातच थांबा. उलट बाहेर पडाल आणि रस्त्यात दिसाल."

त्या म्हणाल्या, "ही टोपली मला घरात नको."

"भावजींना परत पाठवते न्यायला. तेच येतील, दुसरं कोणी नाही."

"बरं. टोपली न्यायला पाठवा त्यांना. ते आले की मी दार उघडते." त्या दाराशीच उभ्या असाव्यात. बोलणं जिन्यात घुमत होतं.

मी भावजींना फोन केला. ते पुलावर अडकले होते.

"वहिनी, वीस मिनिटं तरी लागतील. पुढे ट्रक बंद पडलाय. काय झालं?"

"आल्यावर सांगते. आधी तिकडे जा."

मग हात धुतले, पुसले आणि फोटो पुसायला म्हणून उघडला.

टोपली छान दिसत होती, फीतही सरळ. बाईंचा अर्धा चेहरा, आणि टोपलीला नाक लावून उभी असलेली सहा-सात वर्षांची मुलगी. भावजींना फोटोत कधी नेमकं धरता येत नाही, निम्मा जिना घेतला होता. खाली जिन्याच्या वळणावर कठड्यावर एक हात होता, फक्त हात आणि इस्त्रीची बाही. त्या हातात आमचा गुलाबी कागद होता.

त्याला दाराचा फोटो नको होता. पत्ताही नको होता. गाडी कधी निघते, एवढंच त्याने विचारलं होतं, आणि चार चौकांवरून दिसणारी गाडी मीच त्याच्यापुढे धाडली होती.

बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. देवा, उचला, उचला.

"हॅलो?" मुलीने घेतला.

"बाळा, आईला दे. पटकन दे. आईला सांग, दार उघडू नको."

"पण तुमचे काका आलेत. टोपली न्यायला."

"ते आमचे काका नाहीत, बाळा."

"तुमचेच आहेत," ती मला समजावून सांगू लागली. "आईने विचारलं कोण, तर त्यांनी दाराखालून तुमचा गुलाबी कागद आत टाकला. त्यावर स्ट्रॉबेरीचं चित्र आहे. टोपलीवर आहे ना, तस्संच."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

"थांबा हं," मुलगी म्हणाली, "आई कडी काढतेय."