बत्तीस दिवे, तेहतीस नावं

एर्मेतेचं पत्र आलं ते ईस्टरआधीच्या उपवासात, आणि ऑगस्ट उजाडला तरी क्विरिनोने त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. विसरला होता असं नाही. पत्र त्याने जाडजूड लॅटिन शब्दकोशात ठेवलं होतं आणि शब्दकोश त्याला दिवसातून चारदा लागे. पाकिटाची निळी कड दिसली की हवा तो शब्द न पाहताच तो कोश मिटून टाकी. त्या पाच महिन्यांत त्याचं लॅटिन बरंच कच्चं झालं होतं.

पत्र दीड पानाचं. आधी हवापाणी, मग थट्टा. 'मीही सार्डिनियात येऊन पडलो बघ. पोप पोन्त्सियानोला सम्राटाने पाठवलं, मला मुलीने आणलं. त्याला खाणीत दगड फोडायला लावले, मला नातवंडांना शाळेत सोडायला. कोणाची शिक्षा कडक ते तूच ठरव.' डॉक्टरांनी काय सांगितलं ते एका ओळीत होतं: वर्ष निघालं तर निघालं. आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न.

'मी थोरला होतो की नव्हतो हे विचारत नाही. तो निकाल लागला. पण त्या अकरा महिन्यांत मी तिघांना झगा दिला, दोघांच्या मातीला दिवा धरला. ते सगळं खोटं होतं का? तुला माहीत असणार. तू वाचतोस.'

थोरला म्हणजे दिवेकऱ्यांच्या बंधुमंडळाचा प्रमुख. रोमच्या जुन्या तटाबाहेर एका लहानशा चर्चखाली भुयारं आहेत. पहिल्या तीन शतकांतले ख्रिस्ती लोक तिथे मऊ तांबूस दगडात खोदलेल्या कोनाड्यांत, एकावर एक, झोपलेले आहेत. त्यांच्यापुढे दिवा लावायचा, एवढंच या मंडळाचं काम. माणसं साधी. गवंडी, ट्रामचे कंडक्टर, एक दातांचा डॉक्टर आणि ग्रंथालयातला निवृत्त कारकून क्विरिनो.

एकवीस वर्षांपूर्वी जुने थोरले वारले. त्यांना पोहोचवायला जे भुयारात उतरले होते त्यांनी तिथल्या तिथे एर्मेतेच्या खांद्यावर थोरल्याचा काळा झगा टाकला. त्या दिवशी ट्रामचा संप होता, अर्धे लोक पोहोचलेच नव्हते. ते दुसऱ्या दिवशी वर चर्चमध्ये जमले आणि त्यांनी गास्पारेला निवडलं. एका म्यानात दोन तलवारी. अकरा महिने त्याच भुयारात सकाळी एक थोरला दिवे लावी आणि संध्याकाळी दुसरा. शेवटी धर्मगुरूंनी गास्पारेच्या बाजूने कौल दिला. एर्मेतेने झगा नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि तो निघून गेला. मग गास्पारेने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर एर्मेतेने मंडळात घेतलेल्या तिघांना पुन्हा उभं केलं आणि त्यांच्याकडून पुन्हा शपथ घेतली. आधीची शपथ शपथच नव्हती, असं तो सर्वांदेखत म्हणाला.

क्विरिनो तेव्हा खांबामागे उभा होता. हे चुकतंय, हे त्या चर्चमध्ये फक्त त्यालाच कळत होतं. असाच तंटा सतराशे वर्षांपूर्वी याच शहरात झाला होता. नोवात्सियानो नावाच्या माणसाने निवडलेल्या पोपच्या विरोधात उभं राहून स्वतःला रोमचा बिशप म्हणवून घेतलं, लोकांना बाप्तिस्मे दिले. पुढे त्यातली माणसं परत येऊ लागली. त्यांना पुन्हा पाण्यात उतरवायचं का? पोप स्तेफानोने सांगितलं, नाही. नवं काही करू नका. त्यांच्या डोक्यावर हात ठेवा आणि आत घ्या. पाणी एकदाच.

क्विरिनोला ते वाक्य तोंडपाठ होतं. फक्त म्हणायचं होतं. पण आपण कोण, एक कारकून. आपण चुकीचं वाचलं असलं तर? एवढ्या लोकांत कोणी उलटा प्रश्न विचारला तर? तो तोंडात गुळणी धरून उभा राहिला आणि तिघांनी एकामागून एक दुसऱ्यांदा शपथ घेतली.

म्हणून उत्तर लिहिता येत नव्हतं. 'खोटं नव्हतं' असं लिहिलं, की एर्मेते विचारणारच: मग तेव्हा का बोलला नाहीस?

त्याची विधवा बहीण एर्सीलिया त्याच्याकडेच राहत असे. तिच्यापासून घरातली कोणतीही गोष्ट लपत नव्हती, शब्दकोशातलं पाकीट तर नाहीच. एकदा लसूण घालून परतलेली चिकोरीची पालेभाजी ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "तीस वर्षं मेलेल्या पोपांवर वह्या भरतोयस. एक जिवंत माणूस चार ओळी मागतो तर तुझा हात कापतो."

"विचार करतोय," क्विरिनो म्हणाला.

"कर. तोपर्यंत तोही तुझ्या वहीत यायच्या लायकीचा होईल."

तेरा ऑगस्टला पहाटेच बंधुमंडळ भुयारात उतरलं. वर्षातला हा मोठा दिवस. पिएत्रोपासून मिल्त्सियादेपर्यंत, म्हणजे छळाची शतकं संपेपर्यंत, रोमला जे बत्तीस बिशप झाले त्यांची नावं या दिवशी म्हटली जातात. प्रत्येक नावाला एक दिवा. भिंतीत बत्तीस कोनाडे, त्यांत बत्तीस पणत्या. नावं पाठ म्हणायची, कागद चालत नाही. एक नाव चुकलं तर सगळे दिवे विझवून पुन्हा पिएत्रोपासून सुरुवात. मंडळाच्या आठवणीत असं दोनदा घडलं होतं आणि दोन्ही वेळच्या म्हणणाऱ्यांची नावं लोक अजून हलक्या आवाजात घेत. गेली चाळीस वर्षं हे काम क्विरिनोकडे होतं. एरवी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या या माणसाचा आवाज तिथे कसा कोण जाणे, स्थिर होई.

दिवे नाझ्झारेनो लावी. बसच्या कारखान्यातला मेकॅनिक, एर्मेतेने घेतलेल्या त्या तिघांपैकी एक. आता मंडळात तिघांपैकी तोच उरला होता.

"पिएत्रो," क्विरिनो म्हणाला, आणि पहिली ज्योत उभी राहिली. "लीनो. आनाक्लेतो. क्लेमेन्ते."

दरवर्षी इथेच त्याच्या अंगावर काटा येई. कोळी असलेल्या एका माणसाने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याने तिसऱ्याच्या. काहींची नुसती नावं उरली आहेत. कुठे जन्मले, कसे मेले, कोणालाही ठाऊक नाही, आणि तरी ते नसते तर पुढचा दिवा लागला नसता. नावामागून नाव अंधार मागे सरके. आधी एक हात दिसे, मग पाच चेहरे, मग भिंतीवर कोणीतरी ओरखडलेलं कबुतर, मग वरपर्यंत गेलेली कोनाड्यांची रांग, आणि तिच्याकडे बघताना मान दुखून येई. भुयारातली जुनी, गार, मातीचा वास असलेली हवा त्या उजेडात जरा जरा हलू लागे. आपण नावं म्हणत नाही, नावं आपल्याला म्हणत आहेत, असं क्विरिनोला वाटे. पण हे त्याने वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

"काल्लिस्तो. उर्बानो. पोन्त्सियानो."

अठरावा दिवा. पोन्त्सियानो सार्डिनियाच्या खाणीत गेला आणि खाणीतच मेला. त्याच वर्षी, त्याच खाणींत, आणखी एक माणूस पाठवला होता. म्हातारा, विद्वान, तापट. म्हणतात की याच म्हाताऱ्याने पोन्त्सियानोच्याही आधीपासून स्वतःला खरा बिशप मानलं होतं आणि रोममधल्या लोकांचे दोन तुकडे केले होते. सम्राटाच्या शिपायांना दोघांत फरक दिसला नाही. दगडालाही दिसला नसावा. मग दोघांचे देह बोटीने परत आले आणि एकाच दिवशी रोममध्ये पुरले गेले. तो दिवस हाच, तेरा ऑगस्ट.

"इप्पोलितो," क्विरिनो म्हणाला.

नाव उच्चारल्यावर ते त्याच्या स्वतःच्या कानांवर पडलं. ते यादीत नव्हतं. ते कधीच नव्हतं. ते त्या म्हाताऱ्याचं नाव, आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव यादीत नसतं. पण नाझ्झारेनोने क्षणभरही न थांबता एकोणिसावी वात पेटवली होती आणि आता तो विसाव्या कोनाड्यापाशी हात धरून पुढच्या नावाची वाट बघत होता. मागे कोणी खाकरलं नाही. क्विरिनोला थांबता येईना. थांबायला लागतं तेवढं धैर्यही त्याच्याकडे नव्हतं.

"आन्तेरो," तो म्हणाला. "फाबियानो. कोर्नेलिओ."

ज्योती पुढे सरकत राहिल्या. शेवटचा कोनाडा एउसेबियोच्या नावाने उजळला आणि पणत्या संपल्या. मिल्त्सियादेला दिवा नव्हता. नाझ्झारेनोने रिकामा हात खाली घेतला.

वातींची तडतड ऐकू येऊ लागली. सगळ्यांचे डोळे थोरल्याकडे वळले. गास्पारे चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याच्यासाठी खाली एक खुर्ची ठेवत. दिवे विझवण्याचं लांब दांड्याचं टोपण त्याच्याच पायाशी होतं. तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, टोपण ओलांडून पुढे आला, आणि स्वतःच्या हातातली मेणबत्ती त्याने शेवटच्या कोनाड्याशेजारी उघड्या दगडाला लावून धरली.

"म्हण," तो म्हणाला. "मिल्त्सियादेसाठी मी उभा आहे."

क्विरिनोने नाव म्हटलं. आवाज फुटला, पण म्हटलं. प्रार्थना चालू असेपर्यंत गास्पारे तसाच उभा राहिला. मेण त्याच्या बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आलं. कोणी खुर्ची पुढे सरकवली, त्याने मान हलवली. तेहतीस ज्योतींच्या उजेडात तो कोनाड्यातून उठून आलेल्या माणसासारखा दिसत होता, आणि आजपर्यंत त्याच्याशी चार शब्दही धड न बोललेला क्विरिनो त्याच्याकडे लहान मुलासारखा टक लावून बघत होता.

वर आल्यावर चर्चच्या अंगणात थर्मासमधली कॉफी फिरली. गास्पारेने क्विरिनोला हाताने बोलावून शेजारी बसवलं.

"कुठून आलं ते नाव?"

"जीभ घसरली, सोर गास्पारे," क्विरिनो आदराने म्हणाला.

"चाळीस वर्षं घसरली नाही ती."

क्विरिनोने कपात बघत सगळं सांगितलं. पत्र, दुखणं, तो प्रश्न, शब्दकोश. सांगायला बराच वेळ लागला, कारण तो दर वाक्याला मागे जाऊन ते दुरुस्त करी. गास्पारेने मध्ये एकदाच विचारलं, पत्र येऊन किती दिवस झाले.

"पाच महिने."

"आणि तो तिकडे रोज टपालवाल्याची वाट बघतोय."

"हो."

"तू गाढव आहेस, क्विरिनो. शिकलेलं गाढव, म्हणजे ओझं जास्त."

क्विरिनोने मान डोलावली. मग, एकवीस वर्षं उशिरा, त्याने ते वाक्य म्हटलं. स्तेफानो काय म्हणाला होता ते. पाणी एकदाच. तेव्हा तो खांबामागे होता आणि त्याला हे माहीत होतं, तेही सांगितलं.

गास्पारे बोटांवरचं मेण नखाने काढत राहिला. "तू बोलला असतास तरी मी ऐकलं नसतं," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा मी कोणाचंच ऐकत नव्हतो. पण बोलायला हवं होतंस." मग त्याने अंगणापलीकडे हाक मारली. "नाझ्झारेनो, इकडे ये. तू दोन शपथा घेतल्यास. धरतोस कोणती?"

नाझ्झारेनो तेलाचे हात फडक्याला पुसत आला. त्याने एकदा क्विरिनोकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे.

"खरं सांगू?"

"इतक्या पहाटे खोटं ऐकायला कोण बसलंय?"

"पहिली. दुसऱ्या वेळी मी नुसते ओठ हलवले. तुमचं मन राखायला."

"एकवीस वर्षं तुला मीच घेतलं असं समजत होतो," गास्पारे म्हणाला.

"मला कोणी घेतलं याने काय होतं, सोर गास्पारे? मी आत आहे ना."

म्हाताऱ्याने त्याचा तेलकट हात धरला आणि सोडला नाही. मग दुसऱ्या बाजूला वळून म्हणाला, "लिही एर्मेतेला. हाही जे बोलला ते लिही. आणि माझ्याकडून लिही की दुसरी शपथ घ्यायला लावली, ती माझी चूक. सही करायची असेल तर कागद इकडे आण, मी करतो."

क्विरिनो घरी गेला तेव्हा एर्सीलिया कलिंगड कापत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोमणा गिळला. त्याने कोशातून पत्र काढलं, समोर ठेवलं, आणि एका बैठकीत लिहिलं. 'ते खोटं नव्हतं. तेव्हाही मला हे माहीत होतं, पण मी भ्यालो. मला क्षमा कर.' मग नाझ्झारेनो काय म्हणाला ते. मग भुयारात काय झालं ते, मिल्त्सियादेच्या जागी कोण उभं राहिलं ते. 'तू ज्यांच्या मातीला दिवा धरलास त्यांच्याजवळ अंधार नव्हता,' असं त्याने लिहिलं. खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही. संध्याकाळी तो कागद घेऊन गास्पारेकडे गेला. गास्पारेने चष्मा न लावताच खाली नाव टाकलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑगस्टची सुटी लागत होती. टपालाची तिकिटं विकणारी तंबाखूची दुकानं बंद, दारांवर 'समुद्रावर गेलो आहे' अशा चिठ्ठ्या. क्विरिनो तीन रस्ते चालला. चौथ्यात एक दुकान अर्ध्या शटरवर उघडं होतं. मालक वैतागून म्हणाला, आजोबा, आता टाकलंत तरी पेटी सोमवारशिवाय कोणी उघडणार नाही. क्विरिनो म्हणाला, चालेल, पण तिकीट आत्ताच द्या. कोपऱ्यावरच्या लाल पेटीला दोन फटी होत्या, एक शहरासाठी, एक बाहेरच्या गावांसाठी. त्याने दोनदा वाचून बाहेरगावची फट नक्की केली, पाकीट आत सरकवलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत बोटं तिथून हलवली नाहीत.