पेरलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी, अर्धी फुटलेली मूस आहे. सोनाराकडे असते तशी इवलीशी नव्हे. चांगली गुडघ्याएवढी, काच वितळवायची. न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइनच्या रानात आमचा कारखाना होता. आता तिथे भट्टीचे चार दगड, तारेचे कुंपण आणि मी, एवढेच उरलो आहोत.

अमेरिकेवर इंग्रजांचा अंमल होता तेव्हाची मी. जर्मनीहून आलेल्या ग्रेटेबाईंनी अनवाणी पायांनी माती तुडवून मला घडवले. आठ महिने सावलीत वाळवले. मग भट्टीत बसून मी वाळू आणि लाकडाची राख वितळवू लागले. कास्पर रिंट माझ्यातला हिरवा रस लोखंडी नळीवर घेई आणि फुंकून बाटल्या काढी. "ही मूस गुणाची. रस गढूळ होऊ देत नाही," असे तो एकदा म्हणाला होता. एका हिवाळ्यात मला तडा गेला आणि त्यानेच मला उकिरड्यावर फेकले. त्याचा मला राग नाही. तो कामाचा भाग होता.

किळस मला पुढच्या लोकांची आली. कारखाना कधीच बंद पडला होता. दोनेकशे वर्षांनी गावाने मला उकरून, घासून चौथऱ्यावर मांडल्यावर पाहुणे येऊ लागले. जो तो वाटेवरचा आमच्या जुन्या हिरव्या काचेचा एखादा तुकडा गुपचूप खिशात घाली. काहींनी माझ्यात च्युइंगम चिकटवले, एकाने तंबाखू थुंकली. दहा वर्षांत वाट साफ झाली. मग तेच लोक कुरकुरू लागले, की एवढे लांब आलो आणि बघायला काही नाही.

तेव्हा राखणदार वेंडेल टोझरने युक्ती काढली. बियरच्या हिरव्या बाटल्या तो पोत्यात घालून हातोडीने फोडी आणि दर सोमवारी सकाळी तुकडे वाटेवर पेरी. पाहुणे खूश होऊन ते घरी नेत. मला मात्र शिळ्या बियरचा वास सहन होत नसे.

गेल्या ऑक्टोबरात लिओना रिंट आल्या. कास्परच्या वंशातल्या, वय एकाहत्तर. त्यांनी वाकून एक तुकडा उचलला आणि हुंगला.

"टोझर, ही बियरची बाटली आहे."

"जुनीच असेल, बाई."

"तळाला हे बारीक दाते दिसतात? यंत्राच्या साच्याचे आहेत. तेवीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर बाटल्या तपासल्यात मी. मला शिकवू नका."

टोझर वाटेकडे बोट दाखवून म्हणाला, "लोकांना काहीतरी न्यायला लागतं हो. रिकाम्या हाती गेले की परत येत नाहीत. कोणी येईना झालं की गावसभा इथं ट्रक उभे करणार. मग तुमच्या पूर्वजांचं काय राहील?"

"असल्या घाणीवर टिकण्यापेक्षा ट्रक बरे."

"बोलायला काय जातं तुमचं. तुम्ही वर्षातून एकदा येता. इथं रोज मी बसतो."

हे मात्र बाईंना लागले. त्यांनी तुकडा मुठीत धरला आणि विचारले, "बादली आहे का?"

दुपारपर्यंत दोघे वाळूत बसून तुकडे वेचत होते. बाईंचे बोट कापले, ते त्यांनी स्कर्टला पुसले. मग टोझरचा चाकू घेऊन त्या माझ्या पोटातले च्युइंगम खरवडू लागल्या. "शी. माणसं आहेत की कोण," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या मनातले कोणी प्रथमच बोलले.

दुसऱ्या दिवशी टोझरने पाटी लावली: 'इथली काच आधीच्या पाहुण्यांनी नेली. आता काही उरलेले नाही.' पाहुणे निम्म्यावर आले. ट्रकांचे काय ते गावसभा वसंतात ठरवील.

परवा रविवारी एका गृहस्थाने ती पाटी दोनदा वाचली. इकडेतिकडे पाहिले. मग टाचेने माझ्या काठाचा बोटभर तुकडा तोडला आणि बायकोला म्हणाला, "चल, हे तरी मिळालं." टोझर ओरडत धावला, पण गाडी निघून गेली होती.

मित्रांनो, तो तुकडा आता कुणाच्या तरी फडताळात पडला असेल. कुठे दिसलाच, तर त्यांना म्हणावे, परत आणून टाका. चिकटवून द्यायची गरज नाही. नुसता माझ्या पायाशी ठेवा आणि जा.