सोजरबाईची घोंगडी

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर उद्यापासून माझ्या चहात साखर घालू नका.

वाघोलीला आजच्यासारख्या इमारती नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. दगडाच्या खाणी, बाजरीची रानं, आणि खाणींच्या कपारीत लांडगे. सुगी संपली की सोजरबाई आणि तिचा नवरा हिंदुराव आप्पासाहेबांच्या रानात मेंढरं बसवायचे. रानाला खत, यांना धान्य. मेंढरांभोवती जाळीचं कुंपण, त्याला म्हणतात वाघर, आणि आत राखणीला एक कुत्री.

एका साली ती कुत्री म्हातारी होऊन गेली. मागं राहिलं एकच पिल्लू. इतकं चिमुकलं, की हिंदुरावाच्या पायताणात झोपायचं आणि तरी जागा उरायची.

धनगराचं कुत्रं माणसांत वाढवत नाहीत. डोळे उघडायच्या आत त्याला मेंढीला लावायचं. अंगाला तिचंच दूध चोळायचं, म्हणजे ती त्याला पोटचं समजते. गोंजारायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. मेंढरांना जे आपलं गणगोत मानतं, तेच त्यांच्यासाठी लांडग्यापुढे उभं राहतं. सोजरबाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण एकदा कडाक्याच्या थंडीत पिल्लू गारठून निपचित पडलं, आणि तिनं त्याला आपल्या घोंगडीत घेतलं.

झालं. पिल्लू वाचलं, पण मेंढरांना विसरलं. सोजरबाई चुलीशी तर हे चुलीशी, ती विहिरीवर तर हे विहिरीवर. वाघरीत सोडलं की जाळीखालून निसटून पुन्हा तिच्या पायात.

"माणसाळलं हे," हिंदुराव म्हणाला. "लांडगा आला तर तुझ्या लुगड्यात लपंल."

"ल्हान हाय अजून."

"ल्हान हाय म्हून लांडगा थांबतुय व्हय? मार्केट यार्डातला संपतशेठ गोदामाला कुत्रं मागतुय. हितनं हललो की देऊन टाकू."

"आवं, साखळीला बांधंल त्यो."

"मग काय पाळण्यात घालंल?"

पिल्लू जवळ ठेवायचं तर त्याला आपल्यापासून तोडायचं, एवढं सोजरबाईला कळलं. कसं, ते कळेना. काठी उगारून पाहिली. पिल्लाला तो खेळ वाटला. त्यानं काठीचं टोक चावून चावून दातवण केलं.

शेवटी तिनं आईनं लग्नात दिलेली ती घोंगडीच वाघरीच्या मधोमध अंथरली आणि पिल्लू तिच्यावर ठेवलं. ओळखीच्या वासावर ते गपगार झोपलं. मेंढ्या येऊन घोंगडीवर बसल्या, मुतल्या, लेंड्या टाकल्या. सोजरबाईनं ती धुतली नाही. स्वतः पोतं पांघरून कुडकुडली. पिल्लाची भाकरी वाघरीतच टाकायची, आणि टाकताना तोंड फिरवायची. हळूहळू घोंगडीतून सोजरबाईचा वास उतरत गेला आणि मेंढरांचा चढत गेला. एक दिवस ती विहिरीवर निघाली, तर पायात काहीच आलं नाही. वळून पाहिलं. ते एका कोकराचा कान चाटत होतं. घागर भरायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

मुक्काम हलवायच्या सुमाराला, चांगलं ऊन पडलेलं असताना, खाणीकडून लांडगा आला. सोजरबाई काठी घेऊन धावली आणि ढेकळात अडखळून पडली. तोवर गुडघ्याला लागेल एवढं झालेलं ते कुत्रं तिच्याकडे धावलं नाही. वाघरीच्या तोंडाशी, कोकरांच्या पुढे उभं राहिलं आणि भुंकलं. असं भुंकलं, की आप्पासाहेबांच्या विहिरीतले पारवे उडाले ते थेट नारायण पेठेत उतरले. अजून तिथंच आहेत, पाहा जाऊन. लांडगा आला तसा खाणीत गेला.

हिंदुरावानं तिला हात देऊन उठवलं. "संपतशेठला सांगतो, दुसरं बघ म्हून."

"व्हय."

"तू पडलीस तरी तुझ्याकडं आलं न्हाय ते."

"येऊ बी नये," सोजरबाई लुगडं झटकत म्हणाली.

तेवढ्यात कुत्र्यानं मान वळवून एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि मग ते मेंढरांत शिरलं.

बरं, चहा ठेवलाच आहे तर सांगून टाकते. ते मान वळवून पाहिलेलं मी पदरचं घातलं. त्यानं पाहिलं नव्हतं. सोजरबाई बराच वेळ तिथं थांबली होती, म्हणून घातलं.

पारव्यांचं मात्र खरं आहे. साखर घाला.