शिडाचा झाला अंतरपाट

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि त्याही आधी मी शीड होतो. फुगण्याची सवय अंगात मुरलेली आहे, तेव्हा थोडी बढाई चालवून घ्या.

रेवदंड्याच्या अब्दुस्समद तांडेलाने मला स्वतःच्या हाताने शिवले. दहा वर्षे आम्ही मचव्यातून नारळ-सुपारी मुंबईला नेली. वाऱ्याचा जोर वाढला की तो विचार करत बसत नसे, आधी मला खाली घेई. म्हणूनच आम्ही दोघे समुद्राच्या पोटात गेलो नाही. पुढे मी विरलो, मचव्यावर नवे शीड आले आणि मी सुक्या मासळीचे पांघरूण होऊन पडलो. ते दिवस आठवावेसे वाटत नाहीत. वास मात्र अजून आठवतो.

मग १९३१ साली शाळेच्या धर्माजी मास्तरांना पडदा हवा झाला. इंग्रजीचा वर्ग ठेवावा की बंद करावा, हे ठरवायला पुण्याहून तपासनीस साहेब येणार होते. वर्ग गेला तर पोरांची शाळा सुटून ती मिठागरावर जाणार, या काळजीने मास्तरांची झोप उडाली होती. गावही म्हणत होते, इंग्रजीवाचून आपले काय अडले आहे? तेव्हा मास्तरांनी एक जुने संस्कृत प्रेमनाटक स्वतः इंग्रजीत उतरवले. राजा माळी होऊन राजकन्येच्या बागेत शिरतो, अशी गोष्ट. वर्गातल्या पोरांपैकी राजा झाला भागोजी आणि राजकन्या झाला सदा. त्याची नुकती फुटलेली मिसरूड मास्तरांनीच भादरली. दोर ओढायला अब्दुस्समद आला, कारण मला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

दुपारी चारला खेळ सुरू झाला. साहेब खुर्चीत, गाव वाळूवर. पहिला अंक झाला, दुसरा झाला, आणि गाव मुकाट्याने कुरमुरे खात राहिले. साहेबांनी घड्याळ पाहिले. मास्तरांचा चेहरा पडला, आणि खरे सांगतो, मलाही फार वाईट वाटले.

तिसऱ्या अंकात भागोजी हातात फुलांची माळ घेऊन पुढे उभा, सदा मागे, आणि मधोमध माझी जागा. भागोजी प्रेमाची कबुली देणार, तोच समुद्राकडून वारा भरला. वर लटकलेला मी टम्म फुगलो. अब्दुस्समदच्या हातांनी ना नाटक पाहिले ना साहेब. हातांनीच दोर सोडला आणि मी धाडकन दोघांच्या मध्ये उतरलो.

 मग भागोजीची आत्या सोनाबाई पुढच्या रांगेतून उठली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, मध्ये पांढरा पडदा. आता हे कुणी समजावून द्यायला हवे? तिने मंगलाष्टक धरले. बायकांनी साथ दिली, कुरमुऱ्यांच्या अक्षता पडू लागल्या, देवळाच्या भटजींच्या तोंडून सवयीने 'सावधान' निघाले, आणि त्यासरशी अब्दुस्समदने मला झरकन वर ओढले. बावचळलेल्या भागोजीने सदाच्या गळ्यात माळ घातली.

मास्तर दोराकडे धावले.

"माफ करा, मास्तर," अब्दुस्समद म्हणाला, "वारा भरला का शीड उतरवायचा. हातांनी माझा ऐकला न्हाय."

साहेबांनी सोनाबाईला विचारले, नाटक कळले का?

"त्यात कळायचं काय हाय? माळी राजा हाय, ह्ये पोरीला पयल्यापासून ठावं हुतं. उगाच न्हाय न्हाय करीत हुती."

साहेब पोट धरून हसले. एवढेच सांगायला मास्तरांना तीन अंक लागले होते. ज्या गावाला इंग्रजी नाटक एवढे कळते तिथला वर्ग राहील, असे साहेबांनी लिहून दिले, आणि दुसऱ्याच दिवशी सोनाबाईने आपल्या धाकट्या लेकाचे नाव त्यात घातले.

सहा वर्षांनी, त्याच वर्गात शिकून मास्तर झालेल्या सदाचे खरेखुरे लग्न ठरले. त्याने हट्टाने मलाच अंतरपाट म्हणून नेले. अब्दुस्समदने माझी कड नव्याने शिवली, सोनाबाईने कुंकवाचे स्वस्तिक काढले. तेव्हापासून गावातले एकही लग्न मला चुकलेले नाही.

एरवी मी शाळेच्या माळ्यावर असतो आणि उंदीर मला कुरतडतात. तेव्हा मित्रांनो, लग्नसराईआधी सुईदोरा घेऊन या आणि माझी भोके बुजवा. जुन्या वस्तूला एवढी माया पुष्कळ होते. परवा एका लग्नात नवऱ्या मुलाने हळूच एका भोकाला डोळा लावला, तर पलीकडून नवरीचा डोळा आधीच लागलेला. मी कुणाला बोललो नाही.

तेवढे एक भोक राहू द्या.