सासरे राखाडी हवेत

"राखाडी रंग ज्याला साधला, त्याला बाकीचे रंग शरण येतात," असं छपाईवाले जावई सांगत.

सासऱ्यांचा कृष्णधवल फोटो त्यांनी रंगीत मशीनवर मोठा छापला. छापलेल्या रंगांची चाचणीपट्टी मोजायला यंत्र होतं, पण त्यांनी भरवसा डोळ्यांवर ठेवला. दुकानाच्या नव्या गुलाबी भिंतीची झाक फोटोवर पडत होती, म्हणून गुलाबी शाई कमी करत नेली. दुकानात सासरे अस्सल राखाडी दिसले. सासूबाईंच्या पांढऱ्या खोलीत मात्र गुलाबी कमी पडून हिरवे निघाले.

"ताई, बाबांना मळमळतंय का गं?" मेहुणा म्हणाला.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं जावयांना झालं. "आई, उद्या दुसरा आणतो."

"राहू द्या, जावईबापू, हौसेनं आणलाय. तेवढा दिवा मात्र मालवा."